पत्र्याआड तापलेलं इंजिन

"ही दहावी," मीना पाण्याच्या टाकीच्या सावलीतून म्हणाली. "हीसुद्धा पडणार बंद."

"गप बस आणि ऐक," अलका म्हणाली.

ऐकायला फार वेळ मिळाला नाही. चढ चढणाऱ्या मोटारसायकलचा मोकळा आवाज निम्म्या वाटेत एकाएकी आवळला, मागचे चाक जागीच अडकून डांबरावर घासत गेले, आणि गाडीवरचा तरुण फिटर विनायक दोन्ही पाय पसरून कसाबसा उभा राहिला. त्याने किक मारून पाहिली. ती दगडासारखी घट्ट होती.

"पकड लिया पिस्टन," तो कपाळ पुसत म्हणाला. "मिस्त्रीचं तेल. दुसरं काय असणार."

"तेलच आहे हे कशावरून, विनायकदादा?" अलकाने विचारले.

"सगळी कॉलनी म्हणतेय."

"कॉलनीनं इंजिन उघडून पाहिलं का?"

विनायकने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा इंजिनाकडे. दोन्ही बाजूंनी सारखीच धग येत होती. "मला आधी गेटवर जाऊन प्लेट जमा करायचीये," तो म्हणाला, "मग मिस्त्रीकडे. भांडायला वेळ नाही." आणि गाडी वळवून तो उतारावरून परत ढकलत निघाला.

अलकाने वहीतल्या नकाशावर दहावी फुली मारली. दहाही फुल्या टाकीपासून शंभर पावलांच्या आत पडल्या होत्या. दहाही दुपारी दोननंतरच्या होत्या. सकाळच्या बाजूला एकही नव्हती.

हा १९८१ सालचा मे महिना. भोपाळच्या रायसेन रस्त्यावर आनंद नगरच्याही पुढे सरकारी पंप कारखान्याची वसाहत होती, आणि त्या वसाहतीत परिपत्रकाशिवाय पानही हलत नसे. निदान हलले तर त्याची नोंद होत असे. क्वार्टरांना क्रमांक होते, विजेच्या खांबांना होते, कडुनिंबाच्या झाडांनाही होते. मागच्या हिवाळ्यात एका कारकुनाची सायकल हरवली. ती पुढे त्याच्याच सासुरवाडीला सापडली; पण तोवर सुरक्षा अधिकारी शांताराम घाटे यांनी उपाययोजना मंजूर करून घेतलेली होती. पाच मेपासून कामगारांच्या प्रत्येक मोटारसायकलला, पुढच्या क्रॅशगार्डवर, पन्नास सेंटिमीटर रुंद आणि तीस उंच अशी पत्र्याची प्लेट लागली. मधोमध चाक आड येत असल्यामुळे त्याच प्लेटवर तोच क्रमांक डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा असा दोनदा रंगवायचा, असेही परिपत्रकात होते. शिवाय शिफ्ट सुटताना गेटवरच्या रांगेत कुणी इंजिन बंद करायचे नाही. पुन्हा किक मारण्यात खोळंबा होतो. हरवली होती सायकल, आणि बंदोबस्त झाला मोटारसायकलींचा. याचे वसाहतीत कुणालाही नवल वाटले नाही.

अलकाच्या वहीतली चौथी फुली तिच्या बाबांची होती. नरहर टोकेकर पत्रा विभागाचे फोरमन. चढावर त्यांच्या गाडीचे मागचे चाक अडकले, ते रस्त्यावर आपटले आणि उजवे मनगट मोडले. त्यांना उचलून टेंपोत घालणारा आणि दवाखान्यात पोचवणारा माणूस म्हणजे विश्वनाथ मिस्त्री, मार्केटच्या कोपऱ्यातल्या टपरीत चौदा वर्षे मोटारसायकली दुरुस्त करणारा. आणि पाच दिवसांनी, मिस्त्री भेसळीचे तेल विकतो म्हणून माझा हात मोडला, असा अर्ज नगर समितीकडे करणारा माणूस म्हणजे नरहर टोकेकर. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्यांनी डाव्या हाताने सही केली होती. ती वाकडी आली होती, पण समितीला चालली.

समिती सोमवारी दुपारी चार वाजता बसणार होती. अर्ज मान्य झाला तर मिस्त्रीची टपरी उठणार होती. आज गुरुवार होता.

"चार दिवस," अलका वही मिटत म्हणाली. "चला मिस्त्रीकाकांकडे."

"या उन्हात?" मीना म्हणाली. मीना दहा वर्षांची होती, बहिणीपेक्षा तीन वर्षांनी लहान आणि तोंडाने बरीच मोठी.

"उन्हातच गाड्या बंद पडतायत. संध्याकाळी जाऊन काय शोधणार?"

*

मार्केटच्या कोपऱ्यात दिलीप आधीच येऊन बसला होता. तो चौदा वर्षांचा. त्याची आई कारखान्याच्या शाळेत शिकवायची. नागपूरहून येताना त्याने सोबत आणलेल्या दोन वस्तू म्हणजे रेडिओ जोडायचे सामान आणि 'का'ऐवजी येणारे 'काहून'.

"काका बोलूनच नाही राहिले," त्याने सांगितले. "मी म्हटलं, समितीपुढं काय सांगणार? तर म्हणे, काहीच नाही."

"मी काय बोलू?" विश्वनाथ मिस्त्री खाली मान घालून म्हणाला. मूळचा उज्जैनचा, चौदा वर्षांत त्याच्या मराठीत भोपाळ पुरते मुरले होते. "बेटा, माणूस बोलला की लोक म्हणतात झूठ बोलतो. हे बघ. हे बोलतात."

त्याने एका मळक्या फडक्याची गाठ सोडली. आत आठ पिस्टन होते; बाबांची गाडी अजून उघडलेली नव्हती आणि विनायकची यायची होती. प्रत्येकाच्या एकाच बाजूला उभे, खोल ओरखडे होते.

"ही कुठली बाजू?" अलकाने विचारले.

"पुढची. जिकडून जळका धूर बाहेर पडतो ती. इंजिनात सगळ्यात जास्त तापते ती हीच. तेल खराब असतं तर चारी बाजूंनी घासलं असतं. हे तेलाचं काम नाही. हे गर्मीचं काम आहे. पिस्टन तापून फुगला, सिलिंडरला जागा उरली नाही, धरला."

"मग हे घाटे साहेबांना सांगा ना."

"सांगितलं. म्हणाले, मे महिन्यात भोपाळमध्ये सगळंच गरम असतं."

"पण मागच्या मे महिन्यातही भोपाळ होतंच की," मीना म्हणाली. "एक तरी बंद पडली होती का?"

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिले. "नाही पडली."

"म्हणजे या वर्षी काहीतरी नवीन आहे," अलका सावकाश म्हणाली. "गाडीला वारा मिळतो तो कसा, काका?"

"वारा कोण देणार? गाडीच घेते. ही सिलिंडरभोवतीची पाती बघ, आम्ही फिन म्हणतो. उभ्या गाडीची गर्मी साचत जाते. गाडी धावायला लागली की समोरचा वारा या पात्यांमधून जातो आणि सगळी गर्मी धुऊन नेतो. म्हणून तर रांगेत उभं राहायचं तर इंजिन बंद ठेवावं. पण तिथं तर साहेबांचा हुकूम, चालूच ठेवा."

"किती वेळ?"

"उद्या घड्याळ लावून बघ."

शुक्रवारी दुपारी दोनच्या आधीच दिलीप त्याच्या आईचे घड्याळ घेऊन गेटसमोर उभा राहिला. शिफ्ट सुटल्यापासून शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत तब्बल अठरा मिनिटे लागली. चारशे इंजिने एकमेकांच्या तोंडावर गरम धूर सोडत जागच्या जागी धडधडत होती, आणि पहारेकरी वाकून दोन-दोनदा रंगवलेले आकडे वाचत होता. तेवढ्या गाड्यांत त्या दिवशी चढावर आणखी एक बंद पडली. अकरावी फुली.

"पण रांगेतून सुटल्यावर वारा लागतो ना," दिलीप म्हणाला. "मग गर्मी धुतली काहून जात नाही?"

अलकाने तो प्रश्न अकराव्या फुलीखाली लिहून ठेवला.

*

उत्तर शनिवारी दुपारी मिळाले, आणि तेही आईच्या रागावण्यातून.

बाबांची वाकलेली प्लेट त्यांनी लेखी परवानगी काढून घरी आणली होती. डाव्या हाताने हातोडीने ठोकून ती सरळ करण्यात त्यांचे दोन दिवस गेले. आता ती समोरच्या खोलीत, खिडकीतल्या कूलरला टेकवून वाळत ठेवलेली होती, कारण आकड्यांचा रंग ओला होता. कूलरची मोटर घरघरत होती, वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी टपकत होते, आणि खोलीत मात्र सगळ्यांना घाम फुटला होता.

"कूलर बिघडलाय वाटतं," मीना वहीने वारा घेत म्हणाली.

"कूलर नाही बिघडला," शकुंतलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "डोकी बिघडलीयेत या घरातली. अहो, वारा यायच्या तोंडावर पत्रा उभा केलाय तुम्ही. वारा जाणार कुठून?"

"रंग ओला आहे," नरहरराव म्हणाले.

"माणसं पण ओलीच आहेत." शकुंतलाबाईंनी प्लेटची कड धरून ती बाजूला सरकवली. थंड, वाळ्याच्या वासाचा झोत सरळ अलकाच्या तोंडावर आला.

अलका उठून उभी राहिली. "आई, परत लाव."

"काय?"

"एकदाच. परत लाव, आणि काढ."

"ऊन लागलंय हिला," शकुंतलाबाई म्हणाल्या. पण अलकाने चपला घातल्याही होत्या.

मिस्त्रीच्या टपरीत विनायकची गाडी तयार उभी होती. पुढून तिच्या सिलिंडरची पाती उघडी दिसत होती.

"काका, तुमच्याकडे येणाऱ्या गाड्यांवर प्लेट असते?"

"नसते. कारखान्याची मालमत्ता आहे ना. दुरुस्तीला टाकायच्या आधी गेटवर जमा. मी हात लावला तर माझ्यावर केस."

"दुरुस्ती झाल्यावर तुम्ही चालवून बघता?"

"रोज. चढावरच नेतो. छान पळते."

"उघडी?"

"उघडीच." मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. तो हळूच खाली बसला, गाडीसमोर, जिथे प्लेट असायला हवी होती नेमका तिथे, आणि दोन्ही तळवे पसरून त्याने ती जागा झाकून पाहिली. "अरे देवा," तो म्हणाला. "आजारी गाडी माझ्याकडे येते तेव्हा तिचा आजार गेटवर जमा केलेला असतो."

*

कळणे वेगळे आणि समितीला पटवणे वेगळे. तेरा वर्षांच्या मुलीने घाटे साहेबांना, तुमचा पत्रा इंजिनाचा गळा आवळतो, असे सांगितले असते तर त्यांनी तिला एक गोळी देऊन घरी पाठवले असते. पुरावा लागणार होता, आणि तो हातात धरता येईल असा.

"सोल्डरची तार," दिलीप म्हणाला. "माझ्या रेडिओची. पाकिटावर लिहिलंय, एकशे अठ्ठ्याऐंशी अंशांना वितळते. प्लगजवळच्या पात्याला तुकडा गुंडाळायचा. वितळला तर इंजिन त्याच्या वर गेलं. नाही वितळला तर खाली. भांडणच नाही."

रविवारी कारखान्याला सुट्टी, गेट बंद. दुपारी दोन वाजता पाण्याच्या टाकीखाली चौघे जमले आणि पाचवा विनायक, बऱ्याच कुरकुरीनंतर. शनिवारी संध्याकाळीच गेटवर त्याच्या गाडीला प्लेट परत बसवून मिळाली होती.

"माझं इंजिन पुन्हा जाम झालं तर?"

"नाही होऊ देणार," मिस्त्री म्हणाला. "आवाज जरा आवळला की क्लच दाबायचा, सोडायचा नाही. मी चढाच्या मधोमध उभा राहतो. मी हात वर केला की थांबायचं. आणि नंतर घाईनं त्यावर पाणी ओतायचं नाही. तापलेलं लोखंड तडकतं."

पहिली फेरी प्लेट लावून. अठरा मिनिटे गाडी चढाच्या पायथ्याशी जागच्या जागी चालू ठेवली, गेटवर ठेवतात तशी. मग विनायक निघाला. चढाच्या मध्यावर आवाज बारीक, कोरडा होऊ लागला. मिस्त्रीने हात वर केला आणि विनायकने क्लच दाबला. दिलीप धावत पुढे गेला. तारेचा तुकडा पात्यावर नव्हताच. खालच्या नटावर एक चकचकीत थेंब गोठून बसला होता.

"पडला," दिलीप म्हणाला.

दीड तास गाडी थंड होऊ दिली. आता दुसरी फेरी, प्लेट काढून. आणि इथे विनायक अडला.

"प्लेट मी काढणार नाही. परिपत्रक आहे. 'कोणत्याही कर्मचाऱ्याने अगर मिस्त्रीने प्लेटला हात लावल्यास शिस्तभंगाची कारवाई.' मला नोकरी करायचीये."

मिस्त्रीनेही हात मागे घेतले. दोन मोठी माणसे, चार नटांकडे पाहत, भर उन्हात उभी राहिली.

"मी कर्मचारी आहे का?" मीनाने विचारले.

"नाही."

"मिस्त्री?"

"नाही."

"मग द्या तो पाना."

घाटे साहेबांनी परिपत्रक फार विचारपूर्वक लिहिले होते. त्यात दहा वर्षांच्या मुलीचा विचार तेवढा राहून गेला होता. मीनाने जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी, चारही नट सोडवले. मिस्त्री शेजारी बसून नुसता सांगत होता: "डावीकडे. आणखी डावीकडे. लटकू नकोस त्याला."

पुन्हा अठरा मिनिटे, तेच ऊन, तोच चढ, तोच माणूस. विनायक टाकीपर्यंत गेला, वळून खाली आला, पुन्हा वर गेला. तारेचा तुकडा पात्याला होता तसाच गुंडाळलेला होता.

विनायकने वाकून तो तुकडा जवळून पाहिला. मग मिस्त्रीकडे न पाहता म्हणाला, "मी पण म्हटलं होतं, तुमचं तेल."

"सगळी कॉलनी म्हणत होती," मिस्त्री म्हणाला.

*

सगळ्यात अवघड चढ घरात होता. त्या चारशे प्लेटा पत्रा विभागात कापल्या गेल्या होत्या. पहिली प्लेट बाबांनी स्वतः कापली होती, आणि तिच्या चारही कडा अशा घासल्या होत्या की बोट फिरवले तरी ओरखडा उठू नये.

संध्याकाळी अलकाने एका कागदावर दोन वस्तू ठेवल्या, गोठलेला थेंब आणि न वितळलेली तार, आणि काय केले ते पहिल्यापासून सांगितले.

"ड्रॉइंगमध्ये जागा दाखवलेली होती," शेवटी नरहरराव म्हणाले. "मी एक मिलिमीटर चुकलो नाही."

"मापात नाही चुकलात, बाबा."

"मग?"

"मागे काय आहे ते कुणी पाहिलं नाही. ड्रॉइंगमध्ये इंजिन काढलेलंच नव्हतं."

नरहररावांनी थेंब डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला, दिव्यासमोर फिरवला, पुन्हा कागदावर ठेवला. "मिस्त्रीनं शिकवलंय तुला हे बोलायला?"

"मिस्त्रीकाका म्हणाले होते, मी समितीपुढं काहीच बोलणार नाही."

ते उठून आत गेले. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. अलकाला वाटले, यापेक्षा ते ओरडले असते तर बरे झाले असते. उद्या अर्ज त्यांचाच होता. त्यांनी तो पुढे रेटला तर तारेचा तुकडा दाखवायला तिला कुणी दारातही उभे करणार नव्हते. तरीही तिने कागदाची पुडी बांधली, वहीत ठेवली आणि वही उशाशी घेतली.

*

क्लबच्या हॉलमध्ये लांब टेबलाच्या टोकाला समितीच्या अध्यक्षा डॉक्टर मंदाकिनी बसल्या होत्या. कारखान्याच्या दवाखान्याच्या त्या प्रमुख. नरहररावांचे मनगट त्यांनीच बसवले होते. उजवीकडे घाटे साहेब, पुढ्यात एक जाडजूड नोंदवही. डावीकडे विश्वनाथ मिस्त्री, पुढ्यात मळके फडके.

"विषय पहिला," घाटे साहेब म्हणाले. "सदर मिस्त्रीच्या भेसळयुक्त तेलामुळे आजतागायत अकरा वाहने—"

"तक्रारदार बोलतील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

नरहरराव उभे राहिले. त्यांनी मागे, भिंतीशी उभ्या असलेल्या तिघा मुलांकडे पाहिले. "तक्रारदार मी आहे," ते म्हणाले. "बोलायची माझी वेळ मी माझ्या मुलीला देतो."

घाटे साहेबांच्या भुवया वर गेल्या. "टोकेकर, ही समिती आहे. बालवाडी नव्हे."

"वेळ त्यांची आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ये गं. काय नाव तुझं?"

अलका पुढे येऊन टेबलाशी उभी राहिली. "अलका टोकेकर. मला घाटे साहेबांना विचारायचंय. तुमच्या या नोंदवहीत बंद पडलेल्या सगळ्या गाड्या आहेत?"

"प्रत्येक. तारीख, वेळ आणि प्लेट क्रमांकासह." साहेबांना प्रश्न आवडला होता.

"सगळ्यांना प्लेट होती?"

"अर्थात. प्लेट होती म्हणूनच नोंद इतकी अचूक झाली."

"आणि बाहेरून येणाऱ्या मोटारसायकली? इंद्रपुरीचे कंत्राटदार, माल आणणारे? त्यांना प्लेट नसते ना?"

"ते आमचे कर्मचारी नव्हेत. त्यांची स्वतंत्र पाने आहेत. रोज तीस-पस्तीस."

"त्याही त्याच रांगेत, इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात?"

"नियम सर्वांना सारखा."

"काका, त्यातले किती जण तुमच्याकडून तेल घेतात?"

"निम्मे तरी," मिस्त्री म्हणाला.

"मग साहेब, त्यातल्या किती गाड्या चढावर बंद पडल्या?"

घाटे साहेबांनी पान उलटले. आणखी एक उलटले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज होता आणि पाने उलटल्याचा. "नोंद नाही," ते म्हणाले.

"लिहायची राहिली असेल," डॉक्टरबाई सहज म्हणाल्या.

"माझ्या नोंदवहीत काही राहत नाही." हे ते नेहमीच्या अभिमानाने म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की त्यांनी काय म्हटले.

"आणि पाच मेच्या आधी?" अलकाने विचारले. "प्लेटा लागायच्या आधी?"

या वेळी त्यांनी पान उलटलेच नाही.

मग मिस्त्रीने फडके सोडले. दहा पिस्टन टेबलावरून हातोहात फिरले, सगळ्यांचे ओरखडे एकाच बाजूला. दिलीपने थेंब आणि तार ठेवली आणि एकशे अठ्ठ्याऐंशी हा आकडा तीनदा सांगितला. मागे उभ्या विनायकने, कुणी विचारले नसताना, गाडी माझी होती, असे सांगितले. प्लेट कुणी काढली, असे घाटे साहेबांनी विचारले तेव्हा मीनाने हात वर केला.

डॉक्टरबाईंनी पिस्टन खाली ठेवला. "चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ताप आलेल्या चारशे रोग्यांना आपण रजया पांघरवल्या," त्या म्हणाल्या, "आणि मरणाऱ्यांचा दोष औषध देणाऱ्यावर टाकला. असंच ना, घाटे?"

"परिपत्रकाला वरून मंजुरी होती," घाटे साहेब म्हणाले.

"रजईलाही असते. म्हणून ती मे महिन्यात कुणी पांघरत नाही."

ठराव पाच मिनिटांत झाला. प्लेटा पुढून निघतील. रांगेत इंजिने बंद राहतील आणि गाड्या पायांनी पुढे सरकतील. पात्यांमधला चिखल काढायचा आणि तापल्या गाडीची मूठ चढावर पिळायची नाही, हे विश्वनाथ मिस्त्री प्रत्येक शिफ्टला कँटीनमध्ये येऊन समजावून सांगतील. टपरी आहे तिथेच राहील. लोक उठायच्या आत घाटे साहेबांनी नव्या परिपत्रकाचा मसुदाही सुरू केला होता. त्याची पहिली ओळ 'सुरक्षा विभागाने केलेल्या सखोल अभ्यासाअंती' अशी होती.

"अभ्यास मुलांनी केला," डॉक्टरबाई त्यांच्या खांद्यावरून वाचत म्हणाल्या. "नावं लिहा. तिन्ही." मग त्या नरहररावांकडे वळल्या. "तुमचा अर्ज फाइलला लागलाय. तो आता फाडता यायचा नाही. मागे घ्यायचा तर लेखी घ्यावा लागेल."

"अलका, बस," नरहरराव म्हणाले. "लिही."

अलकाने कागद ओढला. मिस्त्री फडक्यात पिस्टन बांधत होता. तो जाण्यासाठी उठला, पण नरहररावांनी त्याला हाताने थांबवले.

"'माझ्या आधीच्या अर्जात मी अपघाताचे कारण विश्वनाथ मिस्त्रींचे तेल, असे लिहिले होते. ते न तपासता लिहिले होते. कारण तेल नव्हे. कारण मी कापलेला पत्रा.'"

पेन थांबले. "बाबा, पण जागा तर ड्रॉइंगमध्ये—"

"कापला कुणी?"

"तुम्ही."

"मग तसंच लिही. 'मी कापलेला पत्रा.' पूर्णविराम."

तिने लिहिले. त्यांनी डाव्या हाताने सही केली; ती पहिल्या अर्जावरच्या सहीइतकीच वाकडी आली. खाली साक्षीदाराची ओळ रिकामी होती. घाटे साहेबांनी सवयीने पेन उघडले, पण नरहररावांनी कागद मुलीपुढेच ठेवला.

"इथं सही कर."

"मी? मी चालते का साक्षीदार म्हणून?"

"चारशे माणसं रोज त्या चढावरून जातात. मीही गेलो," नरहरराव म्हणाले. "पाहिलं फक्त तू. आणखी कोण साक्षीदार असणार?"

अलकाने आपले पूर्ण नाव, एकेक अक्षर सरळ, त्या ओळीवर लिहिले. डॉक्टरबाईंनी कागद उचलून फाइलमध्ये ठेवला, पहिल्या अर्जाच्या वर.

विश्वनाथ मिस्त्रीने गाठोडे खांद्याला लावले. दारापर्यंत जाऊन तो वळला. "नरहरभाऊ," तो म्हणाला, "गाडी उद्या सकाळी आणा. ऊन चढायच्या आत उघडू."